शालन, ती बाई उठली होती का?

शालन, परवा रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला होता आणि तू माझ्या मागे बसून बोलत होतीस.

मी वळून पाहिलं नाही. वळलं की तू नसतेस, एवढं आता कळलंय. सिनेमात आंधळी आई होती. लहानपणी हरवलेला मुलगा मोठा होऊन दारात उभा राहतो आणि ती नुसत्या पावलांच्या आवाजावरून त्याला ओळखते. तू म्हणालीस, "हरवला तेव्हा पाच वर्षांचा होता ना गं? मधे पाय वाढलेच नाहीत का त्याचे?" मला फस्सकन हसू आलं. तुझा दादा शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं, तिथे आई मुलाच्या गळ्यात पडून रडत होती. तो उठला, आवाज थोडा वाढवला आणि परत येऊन बसला. काय झालं असं त्याने विचारलं नाही. त्यालाही काही ऐकू येतं का, हे मीही विचारलं नाही.

तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं गेली, पाहुण्यांसाठी मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, पुढच्या खोलीतली तुझी खाट मात्र कुणाला उचलवत नाही. सगळे तिला वळसा घालून जातात. मीही घालते.

आपल्या बौद्धांत भूत नसतं. आत्मा नाही, भूत नाही, भुताची भीती नाही, हे तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या मामांनी, मला या घरात आल्या आठवड्यातच सांगितलं होतं. म्हणून त्याच रात्री मी त्यांनाच विचारलं.

"मामा, माणूस गेल्यावर काहीच उरत नाही ना?"

ते पेपर वाचत होते. "काही नाही. तुला माहीत आहे ते."

"मग मला शालन ऐकू येते ती कशी?"

त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. "सवय आहे ती," म्हणाले. "सवय जायला वेळ लागतो." मी स्वयंपाकघरात निघाले तर मागून हळूच विचारलं, "काय म्हणते?"

"सिनेमाला नावं ठेवते."

"मग तीच असेल," मामा म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडून बसले.

मी सिन्नरहून या घरात आले तेव्हा मला तुझी धास्ती होती. विड्या वळता वळता आईने बजावलं होतं, "घरात सासू नाय, पन नणंद हाय. लय जपून ऱ्हा." तिसऱ्या दिवशी तू मला बाजूला घेतलंस. मला वाटलं, आता कामाची वाटणी सांगणार. तू विचारलंस, "वहिनी, तुमच्याकडे भुतांचे सिनेमे लागतात का?" मी म्हणाले, जत्रेत तंबूत लागतात, पण मी बघत नाही, मला लय भ्या वाटतं. तू त्या 'लय भ्या'वर दिवसभर हसलीस आणि शनिवारी मला मॅटिनीला घेऊन गेलीस.

तो सिनेमा मी विसरणार नाही. पडक्या हवेलीत पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती. मी तुझा पदर डोळ्यांवर ओढला होता. सगळं थिएटर चिडीचूप, आणि तू चांगली मोठ्याने म्हणालीस, "भुताला मेणबत्ती कशाला लागते? अंधारात दिसत नाही का तिला?" लेडीजमधल्या बायका आधी 'शू' म्हणाल्या, मग हसत सुटल्या, आणि त्या भुताचं पुढे काही खरं राहिलं नाही. माझी भीती तिथेच गेली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तू पदर धरायला दिला नसतास.

रविवार कारंज्यावर भेळभत्ता घ्यायचा आणि बसस्टॉपपर्यंत चालत चालत तू निकाल द्यायचीस. निकाल हा तुझाच शब्द. हिरो नापास, कारण तो भांडताना शर्ट फाडून घेतो आणि नवा कुठून आणतो ते दाखवत नाहीत. व्हिलन पास, कारण त्याच्या घरातले दिवे बघण्यासारखे असतात, पण त्याचं लाइटबिल कोण भरतं हे कळलं पाहिजे. बहीण मेली की सिनेमा चालतो, म्हणून बहिणीचं काम करणाऱ्या बाईने आधीच जास्त पैसे मागावेत. मी हसून हसून बेजार व्हायचे. पण तू नुसती नावं ठेवायचीस असंही नाही. एखाद्या गाण्यात मागे नाचणाऱ्या मुलींपैकी एकीचंच पाऊल खरोखर तालात पडतंय, हे तुला दिसायचं आणि घरी येईपर्यंत तू तिच्याचबद्दल बोलायचीस. कॉमिक्सचंही तेच. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने आणायचीस आणि जेवताना वाचायचीस. मुखवटेवाला वीर हा मुखवटा घालून जेवतो कसा, यावर तुझं आणि तुझ्या दादाचं एकदा खरोखरच भांडण झालं होतं. दोघं दोन दिवस बोलत नव्हतात. मी सिन्नरला आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं घर दिसतंय. भांडायला दुसरं काय नाय."

स्थळांनाही तू तसेच निकाल दिलेस. "इंटरव्हलपर्यंत ठीक वाटतोय, पुढे बोअर करेल," असं तू ओझरच्या त्या मुलाबद्दल म्हणालीस तेव्हा मामा चिडले होते. नंतर त्यांनी तो विषय सोडून दिला. तुझी सातपूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी होती, पगार होता, शनिवारची मॅटिनी होती. तुला काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. तुला वाटत होतं का, हे मी विचारायला हवं होतं. राहून गेलं.

आणि मग ते पुस्तक आलं.

जपानहून मशिनचे भाग आले होते. पेटीत कोपऱ्यांना दणका बसू नये म्हणून जाडजूड पुस्तकं कोंबलेली होती, रद्दीच ती, आणि सायबाने सगळी भंगारात टाकायला सांगितली. तू त्यातलं एक मागून घेतलंस. वीटभर जाडीचं, मळकट गुलाबी कागदाचं, आतमध्ये पानोपानी चित्रं. एक अक्षर कळेल तर शपथ. "वहिनी, कॉमिक्स! केवढं मोठं! हे लोक दिवसभर हेच करतात वाटतं." स्वयंपाक तसाच टाकून आपण ते घेऊन बसलो. बऱ्याच गोष्टी होत्या, मारामाऱ्या, बेसबॉलसारखा काहीतरी खेळ. त्या तू पटापट नापास केल्यास. मधे एक गोष्ट मात्र बायकांची होती. ती आपली झाली.

किती वेळा वाचली असेल आपण? वाचली कसली, पाहिली. तू खाटेवर, मी खाली, मधे पुस्तक. गोष्ट सुरू व्हायची तीच मरणाने. एक माणूस रिकाम्या खोलीत एकटा बसलाय. पान उलटलं की माणसं काळ्या कपड्यांत बसलेली, मधे बाईचा फोटो, उदबत्ती, आणि मुंडण केलेला एक वृद्ध काहीतरी म्हणतोय. तू ओरडलीस, "वहिनी, भन्तेजी! ही आपलीच माणसं आहेत!" पुढच्या पानांवर तीच बाई अंथरुणात पडलेली, अगदी कातडं उरलेली. मग ती उठून बसलेली. मग उभी राहिलेली. मग स्वयंपाकाला लागलेली. गाल भरत जातात, केस दाट होतात, ती हसायला लागते. मग लग्न, तेही पांढरं नेसून. तू म्हणालीस, बघ, आपल्यातच पांढरं नेसतात नवऱ्या. आणि सगळ्यात शेवटी वाळूत पळणारी एक लहान मुलगी, तिची टोपी वाऱ्याने उडालेली. मेलेली बाई उठली, तिने संसार केला, तिला मुलगी झाली. संपली गोष्ट.

काही गोष्टी जुळायच्या नाहीत. एका पानावर फरशीवर भांड्याचे तुकडे असायचे आणि पुढच्या पानावर ते भांडं तिच्या हातात. तिच्या डोळ्यांत पाणी आधी, नवऱ्याचं चिडणं नंतर. मी शंका काढली की तू लगेच उत्तर द्यायचीस, "जपानी लोक आधी परिणाम दाखवतात, मग कारण. हुशार लोक आहेत." पानांवरचे आकडे मोठ्यापासून लहानाकडे जायचे. तेही तुला ठाऊक होतं. "रॉकेट सोडताना उलटं मोजतात ना, तसं. किती उरलंय ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे." आणि लग्न शेवटी का, तर म्हणे एवढ्या आजारातून उठली तर नवऱ्याने पुन्हा थाटात लग्न केलं, आपल्याकडच्यांना सुचेल का असलं? इतक्या ठसक्यात सांगायचीस की माझी काय बिशाद होती.

पण एका गोष्टीवर मी अडून बसले. मी म्हणायचे, ती भूत आहे. मेलेली बाई उठून पोळ्या करते म्हणजे भूतच. तू म्हणायचीस, "ते बौद्ध आहेत. बौद्धांत भूत नसतं. मग ती भूत कशी असेल?"

"मग ती कोण आहे?"

"जिवंत बाई. मेलीच नव्हती ती. डॉक्टर चुकला, लोकांनी घाई केली. एवढं साधं आहे."

वर्षानुवर्षं हे भांडण चाललं. तू कारखान्यातून दमून आलीस, माझं कशावरून तरी बिनसलेलं असलं, सुजाता पोटात असताना मला उलट्या व्हायच्या, की ते पुस्तक निघायचं आणि आपण भांडायला बसायचो, भूत की बाई. सुजाता बोलायला लागल्यावर तिलाही तू तुझ्या बाजूला ओढलंस. "आत्या म्हणते ती बाई आहे," असं तिने मला बोट दाखवून सांगितलं होतं. मला खरं तर हरायचंच होतं. पण हरले असते तर भांडण संपलं असतं.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, पुन्हा झालं, आणि तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या दादाला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या. तू ते ऐकलंस. तुला सगळंच ऐकू यायचं. परतीच्या टॅक्सीत कसारा घाट चढताना तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "डॉक्टर चुकतात. त्या जपानवाल्या बाईचा नाही का चुकला?" आम्ही हसलो. तुझा दादाही हसला. पुढच्या आठवड्यात तू तेच म्हणालीस, तेव्हा आम्ही थोडं कमी हसलो. आणि नंतर नंतर तू ते हसत नव्हतीस, शालन. तू खाटेवर उशीला टेकून ते पुस्तक उघडायचीस, ती बाई अंथरुणातून उठून बसते त्या पानावर बोट ठेवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचे, "हो. उठली." भूत हा शब्द मी तोंडातून काढणं बंद केलं. भांडण मी तिथे सोडून दिलं आणि तुला ते आवडलं नाही, हे मला दिसत होतं.

विलास आला तो त्याच दिवसांत. माझा सिन्नरचा चुलतभाऊ, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीने त्याला ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं, तो नुकताच परत आला होता. आजारी माणसाला लोक मोसंबी आणतात, याने खेळणं आणलं. तळहाताएवढा व्हिडिओ गेम. काचेत एक काळा ठिपक्यासारखा माणूस पुलावरून पळतो, पूल मधे मधे तुटतो आणि बटण दाबून त्याला उडी मारायला लावायची. सुजातासाठी आणला होता, पण तू तो तिच्या हातात जाऊच दिला नाहीस. हातात ताकद नव्हती तरी अंगठा कसा चालत होता तुझा! टीव टीव आवाज करत तो माणूस पळत होता, पडत होता, पुन्हा पळत होता.

"विलासभाऊ, हा जिंकतो कधी?" तू विचारलंस.

"जितत नाय तो. जसजसं खेळाल तसतसा जोरात पळतो. शेवटी पडतोच."

"म्हणजे जिंकायची सोयच नाही? नुसतं पडणं लांबवायचं?"

"व्हय. पन लांबवण्यातच मजा हाय ना."

तू जरा विचार केलास आणि निकाल दिलास, "पास. पण आवाज बंद करता आला पाहिजे." मग खेळता खेळता तुझा डोळा लागला. निदान मला तरी वाटलं की लागला.

मघाशी आपण विलासला दाखवलेलं पुस्तक तुझ्या पायाशी पडलं होतं, ते त्याने उचललं. जाडजूड ते, त्याने ते उलटं करून दुसऱ्या बाजूने उघडलं आणि आपली गोष्ट शोधून चाळायला लागला. चाळता चाळता त्याचा चेहरा बदलला. मी चहा टाकायला उठत होते, त्याने मला खुणेने बाहेर ओट्यावर बोलावलं.

"आक्के, मघा तुमी हे कुठल्या बाजूनं दाखवत व्हता मला?"

मी दाखवलं.

"उलटं हाय ते. तिकडं पुस्तक उजवीकडून उघडत्यात. हे बघ, हे पयलं पान. ही पोरगी, वाळूतली. हीच मोठी होती, लगीन करती, मग आजारी पडती आन्..." त्याने पानं उलटली. "लय रडवणारी ष्टोरी हाय. ही शेवटाला जाती. नवरा एकलाच ऱ्हातो."

आपल्या त्या सगळ्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि त्याने सांगितल्यावर एका क्षणात सगळं जुळलं, भांडं, अश्रू, आकडे, लग्न. इतकं जुळलं की मला त्याचा राग आला.

"हळू बोल," मी म्हणाले. "तिला सांगू नको. कुणालाच सांगू नको."

"न्हाई सांगत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. चांगला आहे गं तो पोरगा. चहा न घेताच गेला.

तुझी खाट खिडकीला लागून होती आणि ओटा खिडकीच्या पलीकडे. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं, आणि तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

त्यानंतर रोज दुपारी तू म्हणायचीस, दाखव, आणि मी नेहमीच्या बाजूने दाखवायचे. जाणून बुजून उलट्या बाजूने. ती अंथरुणात असते तिथे माझा हात थांबायचा. मला आता माहीत होतं की या पानावरून ती कुठे निघाली आहे. मी मुकाट्याने पान उलटायचे आणि म्हणायचे, "उठून बसली." माझा आवाज मला परक्या बाईचा वाटायचा. तू ऐकायचीस, डोळे मिटायचीस, कधी लग्नापर्यंत जागी राहायचीस, कधी नाही. मी तुला फसवत होते का? मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुझ्याजवळ ती बाई होती, ती काढून घेऊन तुला मी काय देणार होते?

शेवटची दुपार. तू बराच वेळ पुस्तकाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "वहिनी, आज तिकडून सुरू कर."

"कुठून?"

"मागून. त्या पोरीपासून. तिच्यापर्यंत येईतो मला रोज झोप लागते."

तुझा चेहरा मी निरखून पाहिला. त्यात काही नव्हतं. तहान लागली की पाणी मागायचीस तसं मागितलंस. मी पुस्तक उलटं केलं आणि पहिल्यांदा ते जसं उघडायचं तसं तुझ्यासमोर उघडलं. वाळू. वारा. पोरगी पळतेय, टोपी उडतेय. पुढच्या पानावर शाळा. मग नदी, मैत्रिणी, सायकलवरून पडणं. आधी सायकल, मग पडणं, मग रडणं, सगळं रांगेत. मी एक शब्द बोलत नव्हते आणि तूही शंका काढत नव्हतीस, इतकी गप्प तू आयुष्यात कधी बसली नव्हतीस. मग पांढरं नेसून लग्न. मग घर. मग ती दारात उभी राहून हसतेय, हात पिठाने भरलेले, आणि नवरा बाहेरून येतोय.

तिथे तू पानावर तळहात ठेवलास.

"बास," म्हणालीस. "इथवरच. निकाल उद्या देते."

उद्या तू बोललीच नाहीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. मामा त्रिसरण म्हणत होते, तुझ्या दादाने तुझा हात धरला होता, सुजाताला मी शेजारी पाठवलं होतं.

आता मला हेच खातंय, शालन. तू खिडकीतून ऐकलं होतंस का? तुला कळलं होतं आणि मला त्रास नको म्हणून झोपेचं निमित्त सांगितलंस? की खरंच तुला नुसती ती पोरगी पाहायची होती? कळलं असेल तर मग तू ज्या पानावर हात ठेवलास तो जाणून ठेवलास. कळलं नसेल तर तू ती बाई उठली असं समजून गेलीस. यातलं एक खरं आहे आणि मला कुठलं हवंय तेही मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, कळलेलं असावं, म्हणजे निदान शेवटच्या दुपारी आपण दोघी एकाच बाजूने वाचत होतो. लगेच वाटतं, नको, नसू दे कळलेलं. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये, माझं हेच चालू असतं. आणि तू? तू रोज येतेस, आंधळ्या आईच्या मुलाच्या पायांबद्दल बोलतेस, रस्त्यावरच्या पोस्टरला नावं ठेवतेस, सुजाता तो गेम खेळायला लागली की मागून म्हणतेस, आवाज बंद कर गं त्याचा. सगळ्या जगाबद्दल बोलतेस. एवढं एक सोडून.

म्हणून काल दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी तुझ्या खाटेवर बसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पुस्तक मांडीवर घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "शालन, ऐक. हे पुस्तक उजवीकडून उघडतं. आपण उलटं वाचत होतो. ती मुलगी तिची पोर नाही, ती तीच आहे. डॉक्टर चुकला नव्हता. ती बाई उठत नाही."

आणि थांबले.

मला वाटलं, आता येशील. इतकी वर्षं जिच्यासाठी भांडलीस तिच्याबद्दल मी असं बोलले तर तू गप्प बसणं शक्यच नाही. म्हणशील, विलासला काय कळतंय, सहा महिने राहून कुणी जपानी होत नाही. म्हणशील, मला माहीत होतं गं, तुझीच फजिती बघत होते. म्हणशील, नापास. काहीही म्हण. मी कान देऊन बसले. शेजारच्यांचा कुकर झाला. बाहेर कुणीतरी सायकल लावली. मी पुन्हा म्हणाले, "ती उठत नाही, शालन. बोल की. चूक आहे म्हण." माझा आवाज चढला होता. "भांड ना माझ्याशी."

दार वाजलं. सुजाता शाळेतून आली होती. दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती दारात उभी राहिली आणि खाटेवर बसलेल्या माझ्याकडे पाहत राहिली.

"आई, कुणाशी बोलतेस?"

मी थोडा वेळ वाट पाहिली.

"कुणाशी नाही," मी म्हणाले.